जुन्या कस्टम गाडीच्या स्टायलिंगचं परीक्षण

जुनी गाडी घ्यायची, पत्रा कापून छप्पर खाली आणायचं, हँडल-बॅज काढून टाकायचे, दुसऱ्याच गाडीची ट्रिम (बाहेरच्या चकचकीत पट्ट्या) लावायची आणि तिला नवं रूप द्यायचं, ही झाली कस्टम गाडी. ते रूप जमलंय का हे ठरवणं म्हणजे स्टायलिंगचं परीक्षण. इंजिनात किती दम आहे, मालकाने किती पैसे ओतले याचा इथे संबंध नाही. आपण सरसकट कुठल्याही जुन्या गाडीला विंटेज म्हणतो, पण काटेकोर अर्थाने १९१९ ते १९३० मधल्या गाड्याच विंटेज. कस्टमवाल्यांच्या लाडक्या गाड्या मात्र बहुतेक १९३० ते १९५० च्या दशकांतल्या.

गंमत म्हणजे जुन्या गाड्या जोखायच्या दोन अगदी उलट पद्धती कॅलिफोर्नियात एकाच वर्षी रुजल्या. १९५० मध्ये पेबल बीचचा काँकूर, म्हणजे देखण्या गाड्यांची स्पर्धा, सुरू झाला, तिथे पुढे गाडी कंपनीतून निघाली तशीच आहे का हे बघणं महत्त्वाचं ठरलं. आणि त्याच वर्षी ओकलंडच्या शोमध्ये 'अमेरिकाज मोस्ट ब्युटीफुल रोडस्टर' (रोडस्टर म्हणजे उघडी, दोन सीटची गाडी) हा किताब पहिल्यांदा दिला गेला, तो बिल नीकॅम्पच्या १९२९ च्या फोर्डला, म्हणजे मालकाने स्वतः बदललेल्या गाडीला. पहिल्या पद्धतीत बदल केला की मार्क कापतात, दुसरीत बदल कसा केला त्यालाच मार्क. ही दोन मापं एकमेकांत मिसळली की परीक्षण फसलंच म्हणून समजा.

आता मुख्य गोष्ट, चांगला परीक्षक आधी गाडीजवळ जातच नाही. वीस-पंचवीस पावलं लांब उभा राहतो, बाजूने बघतो, मग एक चक्कर मारतो. बोनेटपासून निघालेली रेघ दरवाजावरून डिकीपर्यंत नजर कुठेही न अडखळता जाते का, एवढंच बघायचं. कारण एक काप घेतला की तो दुसरा काप मागतो आणि दुसरा तिसरा. छप्पर कापायच्या कामात, म्हणजे चॉपिंगमध्ये, हे सगळ्यात नीट कळतं. काचेचे खांब वर जाताना आत झुकलेले असतात, त्यामुळे मधले चार इंच काढून वरचा भाग खाली आणला की खांबांची टोकं एकमेकांना भेटतच नाहीत, मग छप्पर लांब-रुंद करावं लागतं किंवा खांब आणखी झुकवावे लागतात, काचा नव्याने कापाव्या लागतात, मागच्या काचेचा कल बदलतो, छपराच्या कडेच्या पन्हळीची रेघ पुन्हा बसवावी लागते. यातलं एक जरी अर्धवट सोडलं तरी लांबून लगेच दिसतं, गाडीने दुसऱ्याची टोपी घातल्यासारखी वाटते. सॅम आणि जॉर्ज बॅरिस या भावांच्या वर्कशॉपने १९५२ मध्ये बॉब हिरोहाटा या ग्राहकासाठी १९५१ ची मर्क्युरी गाडी कस्टम केली, तिचं छप्पर पुढे कमी आणि मागे जास्त उतरवलं, दरवाजामागचा खांब काढला, बाजूला ब्यूकची ट्रिम लावली आणि दोन हिरव्या छटा दिल्या. बदल इतके, पण कुठला भाग कुठून आला हे डोळ्याला टोचत नाही, म्हणून आजही कस्टम गाडी जोखायची तर तिच्याशी तुलना होतेच.

काढून टाकणं ही पण कलाच आहे. दरवाजाची हँडल आणि बोनेट-डिकीवरचे बॅज काढून भोकं बुजवतात, हेडलाइट पत्र्यात आत बसवतात, मागच्या चाकांवर झाकण लावतात. पण किती काढायचं? माझं मत स्पष्ट आहे, गाडी ओळखू आली पाहिजे. सगळं काढून साबणाची वडी केली तर मग ती मूळ गाडी घेतलीच कशाला.

नाशकात हा विषय जीपवरून चटकन समजतो. सातपूर-अंबडला महिंद्राचे कारखाने, शहरात डेंटिंग-पेंटिंगचे हुशार हात भरपूर, त्यामुळे सजवलेली जीप इथे नवी नाही. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकन विलीज जीपची जुळणी सुरू केली, पुढे उंच बोनेटची सीजे-३बी आली, ते बोनेट उंच कारण आतलं इंजिनच उंच होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी जीपच्या समोरच्या जाळीला नऊ फटी, हेडलाइट लहान आणि आत, नागरी जीपला सात फटी आणि हेडलाइट मोठे. हौशी लोक सीजे-३बी ला नऊ फटींची जाळी लावून आर्मी लुक म्हणतात, पण वर ते उंच कपाळ तसंच, मग चेहरा दोन माणसांचा होतो. मिलिटरी लुक हवा असेल तर आधी उंचीचा विचार करा, जाळी नंतर. अँबॅसडरचंही तसंच, गाडी खाली बसवून रुंद चाकं घातली तरी छप्पर तेवढंच उंच राहतं आणि अंगापेक्षा फेटा मोठा दिसतो. फियाट ११०० डी ला मागे छोटे पंख आहेत, त्यांची रेघ जपून रंग दोन भागांत केला तर साध्या पैशात गाडी खुलते, हे मला फार आवडतं.

जवळ गेल्यावर काम बघायचं. दरवाजाचे गॅप वरपासून खालपर्यंत सारखे हवेत. लांबी, म्हणजे पत्र्यातले खड्डे बुजवायची पुटी, किती भरली आहे ते कळायला कापडात गुंडाळलेलं चुंबक फिरवतात, लांबीचा थर जाड असेल तर ते नीट चिकटत नाही. अमेरिकेत पूर्वी त्या जागी शिसं वितळवून भरायचे, म्हणून तसल्या गाड्यांना लेड स्लेड नाव पडलं. सातपूरच्या एका गॅरेजमध्ये मी बघितलं, म्हाताऱ्या डेंटरकाकांनी पंज्यावर मऊ सुती फडकं घेतलं, डोळे मिटले आणि मडगार्डवरून हात लांबवर सरकवला, एका जागी थांबले, बोट टेकवून म्हणाले "इथं बघ, बसलंय." मला काहीच दिसेना, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तिथे आणून बघितलं तेव्हा सरळ रेघ जरा वाकडी झालेली. भांडी बाजारात हंड्याचा पत्रा जोखताना कारागिराचा हात असाच फिरतो, ठोकलेल्या पत्र्याची जाण या गावाला जुनी आहे.

रंग मात्र उन्हातच बघावा. कँडी रंग म्हणजे चमकत्या थरावर पारदर्शक रंगीत थर, स्प्रेचा हात सारखा नसेल तर गडद पट्टे पडतात आणि सावलीत ते लपतात.

भारतात एक अडचण आहे ती आधी समजून घ्या. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी मूळ रूपात असेल तरच तिला विंटेज नोंदणी आणि व्हीए अक्षरांचा नंबर मिळतो, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये मोठे बदल करू देत नाही. म्हणून छप्पर कापलेली गाडी इथे विरळा, आपल्याकडचा परीक्षक बहुतेक वेळा रंग, ट्रिम, क्रोम, सीटचं कापड आणि चाकं एवढ्यावरच बघतो. त्यात कमी काही नाही, उलट मोठ्या बदलाची आड नसल्यामुळे बंपरचं क्रोम आणि सीटची शिलाई एकाच गाडीची वाटतात की नाही हे जास्त उघडं पडतं.