इलेक्ट्रॉनला तुमची नजर कळत नाही

‘आपण पाहिलं की इलेक्ट्रॉन वागणं बदलतो, म्हणजे जाणीवच वास्तव घडवते’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते चुकीचं आहे. सगळा घोळ ‘निरीक्षण’ या शब्दाने घातलाय. इथे निरीक्षण म्हणजे डोळ्यांनी बघणं नव्हे, तर कणाची माहिती आसपासच्या कशावर तरी उमटणं. ते उपकरण असेल, हवेचा एखादा रेणू असेल, नाहीतर निसटलेला फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण.

२००४ साली प्रसिद्ध झालेला व्हिएन्नाचा प्रयोगच बघा. ७० कार्बन अणूंचे फुलरीन रेणू लेझरने तापवून बारीक जाळ्यांमधून सोडले. कमी तापलेले रेणू लाटांसारखे वागून पट्टे उमटवत होते. तापमान वाढत गेलं तसे पट्टे पुसट झाले, शेवटी नाहीसेच झाले, म्हणजे लाटेसारखं वागणं थांबलं. कारण तापलेला रेणू स्वतःच प्रकाश बाहेर टाकतो आणि त्यातून त्याचा ठावठिकाणा फुटतो. ते फोटॉन कुणी पाहिले नव्हते, पकडलेही नव्हते!

जाणिवेची कल्पना १९६१ मध्ये युजीन विग्नर यांच्यासारख्या मोठ्या भौतिकशास्त्रज्ञाने मांडली, म्हणून तिला वजन आलं. पुढे त्यांनीच ती सोडून दिली, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. कणाच्या अनेक शक्यतांमधून मोजताना एकच निकाल का दिसतो, यावर आजही खरा वाद आहे. पण त्यात मनाची गरज दाखवणारा एकही प्रयोग नाही.