शांतता समिती वेगळी, मोहल्ला समिती वेगळी

गणपती, ईद, मोहरम, शिवजयंती, आंबेडकर जयंती. यातला कुठलाही दिवस जवळ आला की पोलिस ठाण्यातून फोन जातात आणि शांतता समितीची बैठक लागते. तहसीलदार, पोलिस निरीक्षक, मुख्याधिकारी, वीज कंपनीचा कुणीतरी, मंडळांचे अध्यक्ष, मशिदीचे विश्वस्त आणि आजी-माजी नगरसेवक. मिरवणुकीचा मार्ग, डीजेचा आवाज, लोंबकळणाऱ्या तारा, रस्त्यातले खड्डे हे विषय ठरलेले. 'आपल्या गावाला सलोख्याची परंपरा आहे' हे वाक्य दोन-तीन भाषणांत तरी येतं. चहा होतो, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी बातमी लागते. आणि पुढे आठवड्याभरात कुठे दगड पडलाच तर लोक वैतागतात, "अहो, परवाच तर बैठक झाली होती!"

हा वैताग चुकीच्या समितीवर निघतो. लोकांच्या मनात जे काम असतं ते मोहल्ला समितीचं. बातम्यांतसुद्धा ही दोन नावं सर्रास एकमेकांच्या जागी येतात, कारण दोन्हीकडे पोलिस असतात, दोन्हीकडे दोन धर्मांची माणसं असतात आणि दोन्हींचा हेतू एकच सांगितला जातो.

शांतता समिती कॅलेंडरला बांधलेली आहे. सण आला की ती जागी होते. तिच्यात बसतात ती वजनदार माणसं, कारण तिथे शब्द द्यायचा असतो आणि तो आपल्या लोकांकडून पाळून घ्यायचा असतो. हे काम क्षुल्लक नाही. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आले. मुंबईसह अनेक ठिकाणी मुस्लिम समाजाने जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं आणि सरकारने ईदची सुट्टीही २९ तारखेला नेली. असे निर्णय गल्लीत होत नाहीत. त्याला टेबलाभोवती बसलेले पुढारीच लागतात.

मोहल्ला समितीची गोष्ट मात्र भिवंडीपासून सांगावी लागते.

यंत्रमागांचं हे शहर दंगलीसाठी बदनाम होतं. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत पेटलेली दंगल पुढे जळगाव आणि महाडपर्यंत गेली. तिच्या चौकशीला न्यायमूर्ती मादन आयोग बसला. मे १९८४ मध्ये पुन्हा तेच. भिवंडी, ठाणे आणि मुंबई मिळून अडीचशेहून जास्त माणसं गेली. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलिस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी शहरभर वस्तीवार समित्या उभ्या केल्या, सुमारे ७०. सदस्य त्याच वस्तीतले, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या माणसाला मात्र प्रवेश नाही. पुढारी असण्याची गरज नव्हती. बैठका सणाची वाट न पाहता होत राहिल्या आणि त्यांत त्या भागाचा पोलिस बसू लागला.

यातून नेमकं काय साधतं? दंगलीचं इंधन अफवा असते. अमुक गल्लीत आपल्या पोराला मारलं, तमुक ठिकाणी गाईचं काहीतरी झालं, असं कानावर येतं आणि खरं-खोटं करायला पलीकडच्या बाजूचा एकही माणूस ओळखीचा नसतो. मोहल्ला समितीत आठवड्या-पंधरवड्याला भेटलेल्या माणसाकडे विचारायला कुणीतरी असतं, नाव आणि घर माहीत असलेलं. पोलिसालाही वस्तीत कुणाला विचारायचं हे ठाऊक असतं, आणि वस्तीलाही तो पोलिस नावानिशी ठाऊक असतो.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईतल्या दंगलींत ९०० माणसं मारली गेली, असा श्रीकृष्ण आयोगाचा आकडा आहे. तासा-दोन तासांवरची भिवंडी त्या काळात शांत राहिली. सगळं श्रेय समित्यांना देणं मला पटत नाही. पोलिसांचा बंदोबस्त होता, १९८४ ची जखम ताजी होती, मागाचा धंदा बंद पडण्याची भीती होती. पण हीच भीती १९८४ मध्येही होतीच की. सूत एकाचं, माग दुसऱ्याचा, माल उचलणारा तिसरा, ही देवाणघेवाण तेव्हाही रोज चालू होती आणि तरी शहर पेटलं. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांचं म्हणणं इथे उपयोगी पडतं: लहान गावात रोजची ओळखपाळख पुरते, मोठ्या शहरात ती तुटून पडते आणि तिथे दोन्ही समाजांना एकत्र बांधणाऱ्या संघटनाच लागतात. दुकानदार-गिऱ्हाईक हे नातं सौद्यापुरतं. समितीत माणसं एकाच कामाला जुंपली जातात.

मुंबईने हे दंगलीनंतर उचललं. १९९४ च्या सुमारास माजी पोलिस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलिस आयुक्त सतीश साहनी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला एकता समित्या सुरू झाल्या. क्रिकेटचे सामनेही भरवले गेले. सामन्यांनी दंगल थांबते असं नाही, पण हवालदाराला वस्तीतली पोरं नावाने ओळखू लागली तर ते वाया गेलं असंही म्हणवत नाही.

आपल्या गावात यातलं काय आहे हे ओळखायचं असेल तर नामफलक वाचू नका, इतिवृत्ताची वही मागा. बैठकांच्या तारखा सणांच्या मागेपुढेच असतील तर ती शांतता समिती, नाव काहीही असो. वहीत नळ, गटार, पार्किंगवरून झालेली हाणामारी, पळून गेलेल्या जोडप्यावरून तापलेली दोन घरं असे विषय सापडले तर ती मोहल्ला समिती. वहीच नसेल तर दोन्ही नाही.

मोहल्ला समितीचे दोष मात्र तिच्या गुणांतूनच येतात. ती एखाद्या अधिकाऱ्याच्या हौसेवर उभी राहते आणि बदलीची ऑर्डर आली की मरगळते. ठाण्यात सहज जाता येणारा सदस्य हळूहळू लोकांची कामं करून देणारा मध्यस्थ होतो, आणि मग समितीचं ओळखपत्र गाडीच्या काचेवर मिरवायची वस्तू बनते.

आणि एक दोष मुळातलाच आहे. जुलै २००६ मध्ये भिवंडीतच कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलिस ठाणं बांधण्यावरून लोक रस्त्यावर आले. पोलिस गोळीबारात दोघे ठार झाले आणि त्याच रात्री जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. हा वाद हिंदू-मुसलमानांत नव्हता, पोलिस आणि वस्तीत होता. समिती ज्यांनी बोलवायची तेच एक पक्षकार असले, तर बैठकीचा निरोप कुणी धाडायचा, याची तजवीज या रचनेत कुठेच नाही.