फोटोअकॉस्टिक इमेजिंग

फोटोअकॉस्टिक इमेजिंग (प्रकाशध्वनिक प्रतिमाचित्रण) : लेसरच्या प्रकाशाने ऊतकात ध्वनी उत्पन्न करून त्या ध्वनीवरून शरीराच्या आतले चित्र काढण्याची पद्धत. सोनोग्राफीत प्रोब (त्वचेवर टेकवायचे उपकरण) ध्वनी सोडतो आणि त्याचाच प्रतिध्वनी टिपतो. इथे तो फक्त ऐकतो.

लेसरचा एक स्पंद साधारण 5 ते 10 नॅनोसेकंदांचा असतो. हा प्रकाश मुख्यतः रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये शोषला जातो आणि तिथले तापमान अंशाच्या हजाराव्या भागाच्या आसपास वाढते. रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही. पण ही वाढ इतक्या झटक्यात होते की ऊतकाला प्रसरण पावायला सवडच मिळत नाही : 10 नॅनोसेकंदांत ध्वनी ऊतकात जेमतेम 15 मायक्रोमीटर सरकतो, त्यामुळे दाब जागच्या जागी कोंडतो. एक सहस्रांश अंशाच्या वाढीला सुमारे 800 पास्कल, असे हे प्रमाण आहे. कोंडलेला दाब सुटतो तो अल्ट्रासाउंड लहरींच्या रूपाने. 2 सेंटीमीटर खोल असलेल्या रक्तवाहिनीतून निघालेली लहर सुमारे 13 मायक्रोसेकंदांनी प्रोबवर येते. प्रकाशाला आत जायला लागणारा वेळ नगण्य असल्याने सोनोग्राफीसारखा जाण्यायेण्याचा वेळ निम्मा करावा लागत नाही.

खरी खुबी इथेच आहे. ऊतकात मिलिमीटरभर गेल्यावर प्रकाशाला दिशा उरत नाही, म्हणून निव्वळ प्रकाशाने काढलेले खोलवरचे चित्र धूसर येते. ध्वनी त्या मानाने फारच कमी विखुरतो. प्रकाश कोणत्या वाटेने पोहोचला याला महत्त्व नाही; ठिकाण कळते ते ध्वनीवरून.

या परिणामाचा शोध अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना 1880 मध्ये फोटोफोनवर (प्रकाशकिरणावरून आवाज पाठवणाऱ्या यंत्रावर) काम करताना लागला. फिरत्या चकतीने तोडलेला सूर्यप्रकाश एखाद्या घन पदार्थाच्या पातळ पत्र्यावर पडला की त्यातून आवाज येई. काजळीतून तो विशेष मोठा येई. वैद्यकीय उपयोगाला मात्र लेसर आणि संगणक येईपर्यंत थांबावे लागले.

ऑक्सिजनयुक्त आणि ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन वेगवेगळ्या तरंगलांबींना कमीअधिक शोषते. सुमारे 800 नॅनोमीटरला दोन्हींचे शोषण सारखे असते. त्याच्या अलीकडच्या व पलीकडच्या तरंगलांबींनी मोजले की रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज येतो. गाठीभोवती फुटलेल्या नव्या रक्तवाहिन्या आणि त्यांतला ऑक्सिजन एकाच तपासणीत दिसावा, हे स्तनाच्या कर्करोगात मोलाचे. या कामासाठी सोनोग्राफीशी जोडलेल्या एका यंत्रणेला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2021 मध्ये मान्यता दिली.

पद्धतीचा पल्ला काही सेंटीमीटरांचाच आहे. हाड आणि हवा ध्वनीला अडवतात, त्यामुळे फुप्फुसासाठी ती कुचकामी. तपासणीत प्रोबखाली जेल लागतेच, शिवाय डोळ्यांवर संरक्षक चष्मा लागतो. पडद्यावर रक्तवाहिन्यांच्या आधी दिसते ती सर्वांत वरची ठळक रेघ : त्वचेतले मेलॅनिन हे रंगद्रव्य. सावळ्या त्वचेत ती अधिक ठळक उमटते आणि खाली कमी प्रकाश पोहोचतो. हा फरक गणितात धरला नाही, तर ऑक्सिजनचे आकडे चुकतात.