कॅम्पर ट्रेलर : वाऱ्यातील स्थैर्य

मोटारीमागे जोडून न्यायच्या आणि मुक्कामी राहायच्या वाहनावर जोराच्या वाऱ्याचा होणारा परिणाम व त्यावरचे उपाय. या वाहनांत ढोबळमानाने दोन घडणी आढळतात. कडक भिंतींची, उंच कॅराव्हॅन ही एक. रस्त्यावर बुटक्या पेटीसारखा दिसणारा आणि मुक्कामी उलगडून कापडी भिंतींचा होणारा घडीचा कॅम्पर ही दुसरी. पहिलीला वारा बहुधा रस्त्यावर गाठतो, दुसरीला मुक्कामावर.

निव्वळ हौसेखातर बांधलेले पहिले फिरते घर कोणते, याबद्दल एकमत नाही. ब्रिटिश लेखक हा मान सहसा नौदलात वैद्य राहिलेल्या गॉर्डन स्टेबल्स यांच्या ‘वाँडरर’ला देतात. ब्रिस्टल वॅगन वर्क्सने १८८५ मध्ये बांधलेली ही गाडी दोन घोडे ओढत. पण जिप्सी लोकांची फिरती घरे तिच्या कितीतरी आधीची आहेत. त्यामुळे हा अग्रक्रम ‘हौस’ कशाला म्हणायचे यावर अवलंबून राहतो. मोटारीमागच्या ट्रेलरचा उगम त्याहून धूसर आहे. अमेरिकेत १९१० नंतरच्या दशकात तो सुरू झाला असावा. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीचे नाव १९१९ पासून घेतले जाते. स्थैर्याच्या दृष्टीने हा वाद गौण आहे, कारण घोड्याच्या चालीला वाऱ्याने गाडी नागमोडी डुलू लागण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

वेग वाढला तेव्हा या क्षेत्रात विमानविद्येतील माणसे आली, हे लक्षणीय आहे. विमान-उत्पादक ग्लेन कर्टिस यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस ‘एरोकार’ हा ट्रेलर काढला. त्याचा जोड मोटारीच्या मागे लोंबता न ठेवता मागच्या ॲक्सलच्या जवळ, वर घेतला होता. ग्लायडर बांधणाऱ्या हॉले बोलस यांचा ॲल्युमिनियमचा ‘रोड चीफ’ १९३४ चा. त्याच घाटाचा वॉली बायम यांचा ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ १९३६ चा. या गोलाईचे कौतुक आजही होते आणि समोरचा वायुरोध तिच्यामुळे कमी होतो, यात शंका नाही. पण आडव्या वाऱ्यापुढे येणारी बाजू गोलाईने आखूड होत नाही. प्रस्तुत विषयापुरता कर्टिस यांचा जोड अधिक महत्त्वाचा मानावा लागतो.

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किमी. वाऱ्याचा दाब सुमारे १७० पास्कल, तर ताशी १२० किमी.चा सुमारे ६८० पास्कल. बाजूचे क्षेत्रफळ १२ चौ. मी. असलेल्या कॅराव्हॅनवर पहिल्या वाऱ्यात साधारण २५० किग्रॅ. वजनाइतका रेटा बसतो, दुसऱ्यात १,००० किग्रॅ. इतका. चाकांमधले अंतर २ मी. आणि रेट्याची उंची १.५ मी. धरली, तर १,३०० किग्रॅ. वजनाची कॅराव्हॅन ताशी ११० किमी.च्या आसपासच्या वाऱ्यात उलटू शकते. तीच रिकामी, ९०० किग्रॅ. असेल, तर ताशी ९३ किमी.लाच. हा हिशोब ढोबळ आहे. स्प्रिंगांवरचा कल आणि छपरावरची उचल त्यात धरलेली नाही. ती धरल्यास उलटण्याचा वेग आणखी खाली येतो.

चालत्या वाहनाला लागणारा वारा स्वतःच्या वेगाचाही असतो. ताशी ८० किमी. वेगाने जाताना ताशी ६० किमी.चा काटकोनातला वारा आला, तर ट्रेलरला प्रत्यक्षात ताशी १०० किमी.चा झोत समोरून सुमारे ३७ अंशांच्या तिरकसपणे लागतो. वारा कमी करणे चालकाच्या हाती नसते, पण या शंभरातला मोठा वाटा त्याच्याच पायाखालचा असतो. बाजूने मोठा ट्रक पुढे जातो तेव्हाही असेच घडते : त्याच्या तोंडाशी दाबलेली हवा ट्रेलरला आधी बाहेर ढकलते आणि नंतर तो आत ओढला जातो. खिंडीच्या तोंडाशी, पुलावर, झाडांची रांग संपते तिथे अवचित येणारा झोत संथ वाऱ्यापेक्षा अधिक घातक ठरतो.

मात्र रस्त्यावरचे बहुतेक अपघात सरळ उलटण्याचे नसून डुलण्यातून होणारे असतात. हिचभोवती, म्हणजे मोटार व ट्रेलर यांच्या जोडाभोवती, ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झुलू लागतो. वेग कमी असेल, तर टायरांच्या पकडीमुळे प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा लहान होत जातो. वेग वाढतो तसे हे विझणे मंदावते आणि एका मर्यादेनंतर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. या मर्यादेला क्रांतिक वेग म्हणतात. तिच्या पलीकडे वाऱ्याची एक लहानशी थाप पुरते. थाप नसेल, तर रस्त्याचा खळगाही चालतो. म्हणूनच वाऱ्याला अपघाताचे कारण म्हणण्यापेक्षा निमित्त म्हणणे अनेक अभियंते पसंत करतात, आणि ते रास्त आहे.

क्रांतिक वेग कशावर ठरतो, याबद्दल व्यवहारात दोन परंपरा आहेत. अमेरिकी मार्गदर्शनात ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर यावा असे सांगतात. ब्रिटनमध्ये ५ ते ७ टक्के. हा फरक भौतिकशास्त्रातला नाही. युरोपीय मोटारींच्या हिचला बहुधा ७५ ते १०० किग्रॅ. इतकाच भार सोसण्याची परवानगी असते आणि ट्रेलरसह वेगाची मर्यादाही खाली असते : जर्मनीत सामान्यतः ताशी ८० किमी., ब्रिटनच्या मोटरवेवर ताशी ६० मैल. अमेरिकेत ओढणारे वाहन पुष्कळदा पिकअप ट्रक असते, ट्रेलर जड असतो, वेगही जास्त. हिचवर फार भार आला की मोटारीची पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू सैल पडते. तो भार पुढे ढकलण्यासाठी तिथे पोलादी दांड्यांचे भारवाटप हिच वापरतात.

टक्केवारीच्या या वादात एक गोष्ट झाकली जाते : तोच भार हिचवर ठेवूनही सामान दोन तऱ्हांनी रचता येते. पाण्याचे डबे पुढच्या टोकाला आणि सायकली मागच्या टोकाला लावल्या, तर हिचवरचा आकडा बिनचूक येतो, पण ट्रेलरचे उभ्या अक्षाभोवतीचे जडत्व वाढते आणि एकदा सुरू झालेला झोका आवरत नाही. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात वजने सरकवता येणाऱ्या पूर्ण आकाराच्या ट्रेलरवर चाचण्या झाल्या. त्यांचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत हे जडत्व, हिचवरचा भार आणि ॲक्सलची जागा यांचा प्रभाव मोठा आढळला. एकूण वजनाचा तुलनेने कमी. जड सामान ॲक्सलवर आणि तळाशी ठेवावे, हा जुना सल्ला यामुळे टक्केवारीच्या नियमापेक्षा अधिक पक्का ठरतो. अशा स्थैर्याच्या चाचणीची पद्धत आयएसओ ९८१५ या आंतरराष्ट्रीय मानकात दिली आहे.

उपकरणांत घर्षणावर चालणारा स्थिरक सर्वांत रुळलेला आहे. तो हिचच्या गोळ्याला गच्च धरतो. त्याचा विरोध जवळजवळ कायम एकाच मापाचा असल्याने लहान झोक्यांत तो चांगला लागू पडतो, मोठ्या झोक्यांत अपुरा. त्यामुळे वाईट रचलेला ट्रेलर त्याने दुरुस्त होत नाही. फक्त चालकाला इशारा उशिरा मिळतो. इलेक्ट्रॉनिक प्रणाली झोका ओळखून ट्रेलरचे ब्रेक आपोआप लावतात किंवा मोटारीच्या चाकांना आळीपाळीने ब्रेक देतात.

डुलणे सुरू झाल्यावर सुकाणू सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडावा, असे शिकवले जाते. उलट्या बाजूला सुकाणू फिरवत गेल्यास माणसाची प्रतिक्रिया झोक्याच्या मागे पडते आणि तो वाढतो. अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात विजेच्या ब्रेकची वेगळी कळ असते; मोटारीचा ब्रेक न दाबता ती एकटी वापरल्यास ट्रेलर मागे ताणला जाऊन सरळ होतो. युरोपातले ब्रेक ट्रेलरच्या पुढे रेटण्यावर चालतात, तिथे हा मार्ग नाही. वेग वाढवून ट्रेलर सरळ करण्याची कल्पना अधूनमधून ऐकू येते. क्रांतिक वेगाचे गणित तिच्या विरुद्ध आहे.

काही ठिकाणी प्रश्न चालकावर सोडलेला नाही. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात इंटरस्टेट ८० चा लॅरमी ते रॉलिन्स हा पट्टा जोराच्या वाऱ्यात हलक्या, उंच वाहनांना बंद केला जातो. निकष उंचीबरोबर हलकेपणाचाही आहे : भरलेला ट्रक जाऊ शकतो, रिकामा थांबतो, आणि कॅराव्हॅन दुसऱ्या वर्गात पडते. ब्रिटनमध्ये हंबर व सेव्हर्न या पुलांवर असेच निर्बंध लागतात.

मुक्कामावर प्रश्न बदलतो. घडीचा कॅम्पर ऑस्ट्रेलियात फार रुळला असून तिथल्या मोकळ्या किनाऱ्यांवर व माळांवर वाऱ्याशी झुंज कापडाला द्यावी लागते. ट्रेलरचे अरुंद टोक वाऱ्याकडे करावे, मोटार जोडलेलीच ठेवावी, पाण्याची टाकी भरावी. १०० लिटर पाणी म्हणजे तळाशी १०० किग्रॅ. जादा वजन. तणावे साधारण ४५ अंशांत खाली यावेत आणि मेखा तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेल्या असाव्यात. पुळणीत आखूड मेख टिकत नाही; तिथे लांब, रुंद पात्याची किंवा स्क्रूसारखी मेख लागते. वाऱ्याकडचे दार उघडे राहिले, तर आत भरलेला दाब आणि छपरावरची बाहेरची ओढ एकाच दिशेने काम करतात. कापड बहुधा अशा वेळी शिवणीतून किंवा रिंगांजवळ फाटते. सैल कापडाची फडफड त्याला ताणापेक्षा लवकर झिजवते. सुती दोर भिजल्यावर आखडतात, म्हणून पावसाआधी ते किंचित सैल करतात. नायलॉनला हे लागू नाही.

बाजूला उघडणारे ऑनिंग (कापडी छत) सर्वांत आधी गुंडाळावे, याबाबत दुमत नाही. वारा अनावर वाटला, तर वर उचललेले छप्पर खाली घेऊन कडक पेटीत झोपता येते. निव्वळ तंबूत ही सोय नसते. ट्रेलरचे टेकू हलणे थांबवण्यासाठी असतात, उचलण्यासाठी नाहीत, आणि उलटण्याविरुद्ध त्यांचा भरवसा धरता येत नाही.

चक्रीवादळात टिकण्याची अपेक्षा या वाहनांकडून केली जात नाही. ऑगस्ट १९९२ मधील अँड्र्यू चक्रीवादळानंतर अमेरिकी संघशासनाने कारखान्यात बांधलेल्या घरांसाठी वाऱ्याचे विभाग पाडून कडक नियम १९९४ पासून लागू केले. ओढून न्यायचे प्रवासी ट्रेलर त्या नियमांत येत नाहीत. भारतात या वर्गाची वाहने अद्याप विरळ आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले, परंतु रस्त्यावर दिसणाऱ्या कॅराव्हॅन बहुतेक स्वतःच्या इंजिनाच्या असतात. त्यांना आडवा वारा लागतो, डुलणे नाही.