एका घंटेत दोन स्वर : झेंगच्या यीचा घंटासंच

देवळातली घंटा एकदा वाजवली की तिचा नाद बराच वेळ रेंगाळतो. देवळात तो हवाहवासाच वाटतो. पण अशा घंटांवर द्रुत लयीतली चाल वाजवायला घेतली, तर पहिला स्वर विरण्याआधीच पुढचा त्यात मिसळेल आणि सगळा कालवा होईल. प्राचीन चीनच्या ओताऱ्यांनी या अडचणीवर घंटेचा आकारच बदलला. त्यांच्या घंटेचे तोंड बदामासारखे असते : दोन फुगीर पाती दोन्ही बाजूंना टोकदार कडांपाशी जुळतात. आत लोलक नसतो, ठोका बाहेरून द्यायचा. या चपट्या आकारात कंपने लवकर विझतात. अकराव्या शतकात शेन ख्वो या चिनी विद्वानाने नेमके हेच नोंदवले आहे : गोल घंटेचा आवाज लांबतो, चपटीचा आखूड राहतो.

त्याच आकारामुळे आणखी एक गोष्ट साधते, आणि ती जास्त विलक्षण आहे. घंटा वाजते तेव्हा तोंडाची सगळी किनार सारखी हलत नाही. काही जागा जोरात थरथरतात, काही जवळपास स्थिर असतात. गोल घंटेत या स्थिर जागा ठोक्यानुसार सरकतात, त्यामुळे किनारीवर कुठेही वाजवा, स्वर तोच. बदामी घंटेत दोन कडा त्यांना जागीच बांधून ठेवतात. पात्याच्या मधोमध ठोका दिला तर एका प्रकारचे कंपन होते, मध्य आणि कड यांच्या साधारण निम्म्यावर दिला तर दुसऱ्या प्रकारचे. एक कंपन जिथे सर्वांत जोरात, तिथे दुसरे स्थिर. म्हणून दोन्ही स्वर वेगवेगळे, स्वच्छ निघतात. खालचा स्वर षड्ज धरला, तर वरचा कोमल किंवा शुद्ध गंधार. ठोका या दोन जागांच्या मध्येच पडला, तर मात्र दोन्ही एकदम बोलतात.

संगीत-संशोधक ह्वांग शियांगफंग यांनी १९७७ मध्ये जुन्या घंटा तपासून हे मांडले. पुढच्याच वर्षी त्याचा लेखी पुरावा जमिनीतून वर आला. हुबेई प्रांतात सुईझोऊजवळ लेईगूडून इथे झेंग या छोट्या राज्याच्या यी नावाच्या अधिपतीची कबर उघडली गेली. कबरीत पाणी भरलेले असल्यामुळे लाकूड टिकले होते, आणि घंटांची तीन मजली घोडी सुमारे २,४०० वर्षांनंतरही उभीच होती. तिच्यावर ६५ घंटा होत्या. सर्वांत लहान अडीच किलोच्या आतली, सर्वांत मोठी दीड मीटर उंच आणि २०३ किलोंची. संचाचा पल्ला पाच सप्तकांचा, आणि मधल्या सप्तकांत बाराही स्वर मिळतात. घंटांवर सोन्याच्या जडावाने अक्षरे कोरलेली आहेत : कुठे ठोकल्यावर कोणता स्वर निघतो, आणि शेजारच्या राज्यांत त्याला काय म्हणतात. मला तर यातली ही अक्षरेच सगळ्यांत मोलाची वाटतात. वाद्य आणि त्याचे शास्त्र एकाच धातूवर असे क्वचितच सापडते.

अशी घंटा ओतणे फार जिकिरीचे. एका योंगझोंगच्या, म्हणजे वर दांडा असलेल्या घंटेच्या साच्यासाठी गाभ्यासकट मातीचे १३६ भाग जुळवावे लागत. त्यातला एखादा जरी हलला तरी भिंतीची जाडी बदलणार आणि स्वर भरकटणार. धातू म्हणजे तांबे, त्यात साधारण १२ ते १५ टक्के कथील आणि थोडेसे शिसे. कथील फार झाले तर घंटा ठिसूळ होते. शिसे फार झाले तर आवाज बद्द होतो. ओतल्यावर आतून घासून स्वर लावायचा. भिंत पातळ झाली की ताठरपणा कमी होतो आणि स्वर उतरतो, म्हणून घंटा मुळात जरा चढीच हवी. जास्त घासली गेली तर धातू परत चिकटवता येत नाही. शिवाय एका जागी घासल्याचा परिणाम दोन्ही स्वरांवर, तोही कमीजास्त, होतो. सतारीची तार उतरली तर खुंटी पिळता येते. इथे खुंटीच नाही.

एवढे तांबे-कथील आणि एवढे कसबी हात फक्त राज्यकर्त्यालाच परवडत, म्हणून घंटा हे पदाचे माप झाले. झोऊ या तेव्हाच्या राजघराण्याच्या काळच्या रिवाजात राजाची वाद्ये चार बाजूंना टांगायची, मांडलिकाची तीन, मंत्र्याची दोन, त्याखालच्या अधिकाऱ्याची एकच. यीच्या कबरीत घंटांची घोडी काटकोनात दोन बाजू व्यापते आणि तिसऱ्या बाजूला दगडी पट्ट्यांचे वाद्य आहे. मांडणी तंतोतंत मांडलिकाची. त्याच कबरीत २१ तरुण स्त्रियांनाही पुरले होते. या वैभवाबद्दल बोलताना त्यांना विसरता येत नाही.

खालच्या ओळीच्या मधोमध एक घंटा वेगळी दिसते. ती चू या बलाढ्य राज्याच्या हुई राजाने पाठवलेली भेट. तिच्यावरच्या लेखातूनच या भेटीचे इ.स.पू. ४३३ हे साल कळते. संचाच्या स्वरक्रमात ती बसत नाही, तरी जागा तिला सर्वांत मानाची दिली आहे.