कवितेचा तास (प्राथमिक शाळा)

पहिली ते सातवीच्या मुलांना वर्गात कविता ऐकवणं, त्यांच्याकडून म्हणून घेणं, समजावून देणं आणि जमलंच तर त्यांना चार ओळी लिहायला लावणं, या सगळ्याला शाळेत मोघमपणे ‘कवितेचा तास’ म्हणतात. वेळापत्रकात असा तास वेगळा नसतो, तो मराठीचाच तास, पुस्तकात गद्य धड्यांच्या मधेमधे कविता येतात आणि ज्या दिवशी कविता निघेल तो तिचा दिवस. शेजारच्या वर्गाला मात्र लगेच कळतं, कारण भिंतीपलीकडून चाळीस पोरांचा आवाज येतो.

डी.एड.ला (शिक्षक होण्याच्या अभ्यासक्रमात) शिकवलेली आणि पाठ टाचणात, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्यात, लिहायची पद्धत ठरलेली आहे: थोडी प्रस्तावना, बाईंनी किंवा गुरुजींनी स्वतः कविता म्हणून दाखवायची, मग मुलांनी मागून म्हणायची, कठीण शब्द फळ्यावर, आशय, प्रश्न, आणि शेवटी “उद्या पाठ करून या”. पद्धतीत वाईट काही नाही. पण लहान वयात कविता आधी कानाने आत जाते आणि अर्थ मागाहून सावकाश पोचतो, आणि ज्या वर्गात पहिल्या दहा मिनिटांतच शब्दार्थ सुरू होतात तिथे कविता धड्यासारखी होऊन बसते, हे बऱ्याच जुन्या शिक्षकांना अनुभवाने माहीत असतं.

चाल

मराठी कविता शिकवताना हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चाल. आपल्याकडे कविता नुसती वाचत नाहीत, म्हणतात, आणि जुन्या कवितांना तर वृत्तामुळे चाल जवळजवळ फुकटच मिळते. मनाचे श्लोक (एकूण 205) भुजंगप्रयात वृत्तात आहेत, म्हणजे लगागा लगागा लगागा लगागा (ल म्हणजे लघु, ऱ्हस्व अक्षर, गा म्हणजे गुरू, दीर्घ अक्षर), प्रत्येक ओळीत बारा अक्षरं, आणि पाच वर्षांच्या पोराला गण म्हणजे तीन-तीन अक्षरांचा गट हे कळायच्या कितीतरी आधी तो ठेका त्याच्या अंगात बसलेला असतो. बालकवींची ‘श्रावणमासी हर्ष मानसी’ घ्या, तिच्या ओळीत आठ मात्रांचे (लघुची एक मात्रा, गुरूच्या दोन) तीन तुकडे आणि शेवटी सहा मात्रा, त्यामुळे तीन तुकड्यांनंतर आवाज आपोआप थांबतो आणि तिथे टाळी द्यावीशी वाटते. बोटांनी बाकावर ठेका धरून मोजायला लावलं तर चौथीतली मुलंसुद्धा हे शोधून काढतात. यमाताराजभानसलगा हे गण ओळखायचं सूत्र पुढे हायस्कूलमध्ये येतं, तेव्हा ज्यांच्या कानावर ठेका आधी पडलाय त्यांना ते सोपं जातं, बाकीचे लघु-गुरूच्या खुणा करत बसतात.

मुक्तछंदाचं, म्हणजे ठरलेलं वृत्त नसलेल्या कवितेचं, वेगळं आहे. तिथे चाल नाही, मग बरेच शिक्षक ओढूनताणून लावतात आणि कवितेचा जीव जातो. तशी कविता बोलल्यासारखी म्हणायला हवी, कुठे थांबायचं ते वर्गाने मिळून ठरवावं.

पुस्तकं

शाळकरी मुलांच्या मराठी पुस्तकांची भाषा सोपी आणि हसरी करण्यात आचार्य अत्र्यांच्या नवयुग वाचनमालेचा (1930चं दशक) मोठा वाटा आहे. 27 जानेवारी 1967 ला पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ सुरू झालं, म्हणजेच आपली बालभारती, आणि तेव्हापासून राज्यभरातली मुलं त्या-त्या वर्षी एकसारख्याच कविता म्हणत मोठी झाली. अनोळखी दोन माणसं ‘देवा तुझे किती सुंदर आकाश’ एकत्र म्हणू शकतात ते यामुळेच (ती ग. ह. पाटलांची, हे मात्र दोघांनाही आठवत नाही). विंदा करंदीकरांनी बालकवितेत उपदेश बाजूला ठेवून खट्याळपणा आणला आणि तो वर्गात फार चालतो. पुस्तकातल्या कवितांवर लोक भांडतातही, 2024 मध्ये पहिलीच्या एका कवितेत यमकासाठी ‘वन्स मोअर’ आलं म्हणून सोशल मीडियावर गदारोळ झाला होता. पोरांना त्यात काही खटकलं असेल असं वाटत नाही.

बोलीचा प्रश्न

बहिणाबाई चौधरींना (1880–1951) लिहिता येत नव्हतं, त्यांची गाणी तोंडी होती आणि पुस्तक निघालं 1952 मध्ये, त्यांच्या मागे. ‘अरे खोप्यामधी खोपा’ जळगावकडच्या वर्गात घेतली तर ‘झाडाले’ हा शब्द मुलांच्या घरचाच असतो, शिक्षकापेक्षा मुलांचाच उच्चार बरोबर येतो, आणि एरवी मागे बसणारी पोरं त्या दिवशी पुढे येतात. पुण्या-मुंबईत तीच कविता शब्दार्थांची यादी होते. असं उलटंही घडतं, कोरकू किंवा वारली घरातल्या मुलाला प्रमाण मराठीतली कविता परकी वाटते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला बालशिक्षणाचं जे काम केलं, त्यात मूल जिथलं आहे तिथून शिक्षण सुरू करायचं हा आग्रह होता. कवितेच्या बाबतीत त्याचा साधा अर्थ असा की आधी मुलांना त्यांच्या घरचं गाणं म्हणू द्यावं, पुस्तक नंतर.

परीक्षा

गडबड होते ती इथे. ‘कवीला काय सांगायचे आहे?’ या प्रश्नाचं उत्तर गाईडमध्ये तयार असतं, मूल ते पाठ करतं आणि कविता न वाचताच मार्क मिळवतं. 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यात तोंडी कामाला, म्हणजे कविता म्हणण्यालाही, जागा मिळाली, पण नोंदी भरण्याच्या कामात तासाची मजा किती उरते हे शाळेशाळेवर आहे. दहावीला रसग्रहणात, म्हणजे कवितेचं सौंदर्य उलगडणाऱ्या उत्तरात, आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये लिहायची असतात, आणि त्याची तयारी म्हणून काही ठिकाणी पाचवीपासूनच हे साचे रटवतात, ते फार लवकर होतं.

मुलांनी लिहिणं

हे सगळ्यात कमी होतं. होतं तेव्हा “पावसावर कविता लिहा” एवढंच सांगून सोडतात, मग पाऊस-हाऊस-जाऊस सुरू. यमकाची अट काढली की मुलं डोळ्यांनी पाहिलेलं लिहायला लागतात, गळणारं छप्पर, ओलं दप्तर, बंद पडलेली एसटी. सुरुवातीला ओळखीचं गाणं धरून शब्द बदलायला लावणं सोपं पडतं, ‘ये रे ये रे पावसा’मध्ये पावसाऐवजी कुणालाही बोलवा, त्याला काय देणार ते सांगा. वर्गाने मिळून एक कविता फळ्यावर रचणं हाही चांगला प्रकार आहे, लाजरी मुलं एखादा शब्द तरी देतात. मुलांचं लिखाण छापायला ‘किशोर’ मासिक (1971 पासून, बालभारतीचंच) आणि शाळेची हस्तलिखितं आहेत.

अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत कवितेचा उपयोग थोडा निराळा, तिथे ळ आणि ण तोंडात बसवायला बडबडगीतं लागतात. इकडे आता यूट्यूब आणि दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपमुळे तयार चाली मिळतात, ज्या शिक्षकाचा गळा चालत नाही त्याची सोय झाली, पण पूर्वी एकाच कवितेला गावोगाव वेगळी चाल असायची ती आता कमी ऐकू येते.