विक्रमी मासा आणि तळ्याची मालकी

लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या माशाचा जागतिक विक्रम १९३२ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी केला. त्यांच्या गळाला लागलेला मासा २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे १०.०९ किलोंचा होता. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याहून सुमारे २७ ग्रॅम जड बास पकडला; परंतु अशा नोंदी ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमानुसार या वजनगटात जुना विक्रम मोडायला किमान दोन औंस, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम, अधिक भरावे लागतात. त्यामुळे दोघांची बरोबरी झाली. इतक्या बारीक हिशेबात मासा काय खाऊन वाढला, याला मात्र जागा नाही.

टेक्सास राज्यात सार्वजनिक जलाशय आणि खासगी तळी यांतील विक्रमांच्या वेगळ्या याद्या ठेवतात. त्यामागचे कारण जीवशास्त्रीय आहे. बास भक्ष्य अख्खे गिळतो आणि मोठ्या बासला लहानसहान माशांच्या मागे धावणे परवडत नाही, कारण पाठलागात खर्च होणारी ऊर्जा त्या घासातून जेमतेम भरून निघते. खासगी तळ्याचा मालक ही अडचण दूर करू शकतो: मध्यम आकाराचे बास काढून तो गर्दी कमी करतो, ब्लूगिल आणि तिलापिया हे बासचे भक्ष्य असलेले मासे सोडतो, शिवाय ब्लूगिलला गोळीखाद्य घालून बासच्या तोंडी लठ्ठ घास येईल अशी व्यवस्था करतो. त्या तळ्यात गळ टाकणारेही मोजकेच असतात, त्यामुळे माद्यांना (विक्रमी बास बहुधा मादीच असते) पूर्ण वाढ होईपर्यंत जगायला मिळते.

तरीही मालकी हा ढोबळ निकषच म्हणावा लागेल. टेक्सासमध्येच १९८६ पासून १३ पौंड किंवा त्याहून जड बास मासेमारांकडून प्रजननासाठी घेतले जातात आणि त्यांची पिल्ले सार्वजनिक जलाशयांत सोडली जातात. म्हणजे तिथल्या माशाचे वाणही काही अंशी निवडलेलेच असते.

कॅनडातील डिफेनबेकर जलाशयाचे उदाहरण तर या निकषाला पुरते अडचणीत आणते. २००९ मध्ये तेथे पकडलेला ४८ पौंडांचा रेनबो ट्राउट जागतिक विक्रम म्हणून मान्य झाला. पाणी सार्वजनिक होते, पण हा मासा मत्स्यपालन केंद्रातून निसटलेल्या ट्रिप्लॉइड (गुणसूत्रांचे तीन संच असलेल्या) ट्राउटांपैकी मानला जातो. फलनानंतर थोड्याच वेळात अंड्यांना उष्णतेचा किंवा दाबाचा धक्का दिला, की पिल्लात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच राहतात. असा मासा वांझ असतो आणि अंडी तयार करण्यात जाणारी ऊर्जा अंगी लागते. माझ्या मते विक्रमाच्या अर्जात तळ्याच्या मालकीइतकेच संगोपनालाही स्थान हवे. निदान ट्रिप्लॉइडपणा ओळखणे अवघड नाही: माशांच्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक असते आणि तीन संचांच्या माशात ते ठळकपणे मोठे असल्यामुळे रक्ताचा एक थेंब पुरतो.